पाहुणा पहिल्या मजल्यावर जाता कामा नये

आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या कोपऱ्यात जुन्या चार्जरांचा एक खोका आहे. त्यात कुणी मुद्दाम काही टाकत नाही, त्यातून कुणी काही नेत नाही, तरी दर वर्षी तो आणखी थोडा भरलेला असतो. किस्स्यांचं तसंच आहे. कॉलेजचं वायफाय सांभाळणं एवढंच आमचं काम, आणि माणसंही दोनच, मी आणि परब. तरी मित्रमंडळींत बसलं की कुणीतरी म्हणतंच, "सायली, तुमच्याकडचं काहीतरी सांग ना!" मग मी त्या खोक्यात हात घालते आणि हाताला लागेल ती वायर ओढते. एक ओढली की चार गुंतलेल्या बाहेर येतात.

या सगळ्या वायरी एकाच गोष्टीच्या आहेत. रोमिंगच्या.

रोमिंग म्हणजे काय, ते आधी सांगते, म्हणजे मध्ये थांबायला नको. समजा, तुम्ही लातूरच्या कॉलेजात शिकवता. तिथल्या वायफायसाठी कॉलेजने तुम्हाला एक नाव आणि पासवर्ड दिलाय. तोच घेऊन तुम्ही आमच्या अंधेरीच्या कॉलेजात आलात, की आमचं मशीन लातूरच्या मशीनला विचारतं, "हे तुमचेच का?" लातूर म्हणतं, "हो, आमचेच." संपलं! तुम्ही आत. कुणाला विचारायचं नाही, कुणासमोर उभं राहायचं नाही. देशोदेशीची कॉलेजं यात आहेत. मला तर ही कल्पना इतकी सुंदर वाटते, की कंपनीतल्या मैत्रिणी पगाराच्या गोष्टी करायला लागल्या की मी त्यांना हे सांगते. त्या विषय बदलतात.

आमच्याकडे हे नव्हतं. आमच्याकडे कुपन होतं! पाहुण्याला नेट हवं असेल, तर त्याने जिना चढून पहिल्या मजल्यावर रजिस्ट्रार देवधर सरांच्या केबिनमध्ये जायचं. सर बसा म्हणणार. नाव, गाव, विषय विचारणार. कँटीनमधून चहाची किटली येणार. मग ड्रॉवरमधून कुपनांचं पुस्तक निघणार, त्यावर सही, आणि त्या एका दिवसापुरता पासवर्ड. अर्धा तास कुठे गेला नाही! तोवर खाली सेमिनारमधलं पहिलं भाषण संपलेलं असायचं.

मी विद्यार्थी असताना पेपर वाचायला अशाच एका कॉलेजात गेले होते आणि एका पासवर्डसाठी तीन खिडक्यांवर उभी राहिले होते. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. नोकरीला लागल्या लागल्या मीटिंगमध्ये मी सरळ म्हणाले, "सर, पाहुण्याला इंटरनेट हवं असतं, मुलाखत नको असते! पाणी देताना आपण गाव विचारतो का?"

परबने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला.

देवधर सर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दिवाळीपर्यंत चालवून बघा तुमचं रोमिंग," ते म्हणाले. "पण ज्या दिवशी एक जरी पाहुणा नेटची तक्रार घेऊन माझ्या केबिनमध्ये आला, त्या दिवशी ते बंद आणि माझी कुपनं चालू. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. मला वाटलं, तक्रार कशाला येईल? सगळं तर आपोआप होतं!

*

पहिल्याच आठवड्यात कोकणातून एक प्राध्यापक आले. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुमचं वायफाय बंद आहे."

"चालू आहे सर. तुम्ही नाव काय टाकलंत?"

"माझंच टाकलंय. दुसऱ्याचं कशाला टाकू?"

स्क्रीनवर नुसतं नाव होतं. त्यापुढे तो गोल ॲट, आणि त्यापुढे कॉलेजचं नाव घालावं लागतं, नाहीतर आमच्या मशीनने विचारायचं कुणाला? तसं मी सांगितलं. सर तडकले. "आमच्या कॉलेजात इतकी वर्षं मी नुसतंच नाव टाकतोय. तिथे चालतं, मग इथे का नाही?"

मी सर्व्हर, डोमेन, ऑथेंटिकेशन असं सगळं सांगायला लागले. सरांचा चेहरा आणखी लाल. इतक्यात परब आला. परब मूळचा मालवणचा, आता दिंडोशीत राहतो, आणि केबल टाकून टाकून अख्ख्या कॉलेजच्या भिंती त्याला आतून माहीत आहेत. त्याने विचारलं, "सर, तुम्हाला गावात काय म्हणतात?"

"अण्णा."

"गावात कुणी विचारलं, कोण? तर अण्णा म्हटलं की पुरतं. बरोबर? आता अंधेरी स्टेशनवर उभं राहून सांगा, मी अण्णा."

सर हसले. कॉलेजचं नाव घातलं, आत गेले. परबने त्याच दिवशी बोर्ड रंगवून घेतला आणि लॉबीत लावला: 'नुसतं नाव नको, गाव पण सांगा. अडचण असल्यास कॉम्प्युटर सेंटर, तळमजला.'

बोर्डाकडे बघून मला एकदम वाटलं, पाणी देताना गाव विचारतो का, असं मीच म्हणाले होते ना? पण ते मी परबला बोलले नाही. तो दिवाळीपर्यंत चिडवत बसला असता.

*

त्या दिवशी आम्हाला एक कळलं. लोकांचं अडणार. आणि अडलेल्या माणसाचे पाय जिन्याकडे वळतात, कारण साहेब वर असतात हे भारतात सगळ्यांना माहीत आहे.

सुदैवाने जिना आमच्या दारासमोर आहे. आम्ही नाकाबंदी सुरू केली. हातात फोन, कपाळाला आठ्या आणि पाऊल पहिल्या पायरीकडे, असा माणूस दिसला की एकाने धावायचं. "सर, वायफाय ना? या, या, इकडे या!" टोल नाक्यावर अडवतात तसं.

*

नागपूरचे एक सर. अत्यंत गोड माणूस. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पासवर्ड लिहून घ्या."

"नको नको सर, मला सांगू नका! तो तुमचा तुम्हीच टाका. आमच्या मशीनलासुद्धा तो दिसत नाही, थेट तुमच्या कॉलेजकडे जातो."

"अहो, तुम्ही मला मुलीसारख्या. तुमच्यापासून काय लपवायचं?" आणि त्यांनी तो खणखणीत आवाजात सांगितला. त्यात बायकोचं नाव होतं, लग्नाची तारीख होती. वर्गात फळ्यावर लिहून देताना सांगतात तसा त्यांनी तो दोनदा सांगितला.

मी कानांवर हात ठेवले. बाहेर झाडू मारणाऱ्या मावशी हसायला लागल्या.

परब म्हणाला, "सर, आता एक करा. आजच्या आज बदला. मावशींना पण पाठ झाला."

महिन्याभराने सर दुसऱ्या सेमिनारला परत आले. लॉबीतूनच मला हात केला. "मॅडम, तुम्ही म्हणालात तसं बदलला बरं का!"

"छान केलंत सर!"

"आता मुलाच्या नावाचा ठेवलाय," म्हणाले, आणि सगळ्या लॉबीला तोही सांगितला.

*

एका कॉलेजचे तीन प्राध्यापक आमच्याकडे तीन दिवसांच्या वर्कशॉपला आले होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांचा दोष नाही. दिवसभर त्यांचं सगळं झकास चालायचं आणि संध्याकाळच्या सत्रात तिघेही एकदम बाहेर. बाकी सगळ्यांचं चालू! पहिल्या दिवशी मला वाटलं फोनचा प्रॉब्लेम. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा मी डोकं धरून बसले. तिघांतल्या एक मॅडम जिन्याकडे बघायला लागल्या होत्या.

मी त्यांच्या कॉलेजला फोन लावला. ऑफिसातल्या क्लार्कने उचलला. त्याच्या मागे खिडक्या लावल्याचे आवाज येत होते.

"अहो, तुमचं लॉगिनचं मशीन उत्तर देत नाहीये!"

"बरोबर आहे. बंद केलं ना."

"बंद? का?"

"ऑफिस सुटलं. आमचा शिपाई जाताना मेन स्विच पाडून जातो. वीज वाचवा असं वरून सांगितलंय. रिकाम्या खोलीत मशीन चालू ठेवून करायचं काय?"

"पण तुमचे तीन प्राध्यापक इथे मुंबईत अडकलेत! आमचं मशीन तुम्हाला विचारतंय, हे तुमचेच का, आणि तुम्ही उत्तरच देत नाही!"

तो जरा विचारात पडला. मग अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, आता कॉलेज सुटलं. आता ते आमचे कसे? सकाळी उघडलं की परत आमचे."

तिघांना मी माझ्या फोनवरून नेट दिलं. जिना वाचला.

*

आणि हे लक्षात ठेवा, की ज्यांचं नीट चालतं, त्यांचा किस्सा होत नाही. युरोपातल्या एका विद्यापीठातून एक मुलगी आमच्या ग्रंथालयात काम करायला आली होती. बोरिवलीचीच, तिकडे पीएचडी करते. ती लॉबीत फोन बघत बसलेली दिसली. मी सवयीने धावले. "वायफायचं काही अडलंय का?"

"नाही गं. का?"

"कनेक्ट झालं?"

तिने फोन बघितला. "अरे हो, झालेलंच आहे. मी काही केलंच नाही."

मी बघतच राहिले. ती दारातून आत आली त्या क्षणी आमच्या अंधेरीच्या मशीनने समुद्रापलीकडे विचारलं होतं, तिकडून हो आलं होतं, दार उघडलं होतं, आणि या बाईसाहेबांना पत्ता नाही! मी खोलीत येऊन परबसमोर आदळआपट केली. "थँक्यू तर सोडच, तिला कळलंसुद्धा नाही यार!"

परब वायरीची टोकं सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "गो बाय, नळाक पाणी इला तर नळाक कोण हार घालता?"

*

आता नीतिशास्त्राच्या सरांचा. 'व्यवसायातील सचोटी' या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना. नाव बरोबर, गाव बरोबर, पासवर्ड बरोबर. त्याच पासवर्डवर फोन जोडला जातो आणि लॅपटॉप म्हणतो, या नेटवर्कवर विश्वास ठेवता येत नाही.

मी घामाघूम. व्याख्यानाची वेळ होत आलेली, सर अस्वस्थ. "मी वर जाऊन रजिस्ट्रारना सांगू का?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी "झालंच सर!" म्हणाले.

मग परबचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. "सर, यात तारीख दोन वर्षांपूर्वीची कशी?"

सर एकदम हळू बोलायला लागले. "ते... एक सॉफ्टवेअर आहे. तीस दिवस फुकट मिळतं. तारीख पुढे गेली की बंद पडतं. म्हणून मी ती पुढे जाऊच देत नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच होतं. आमच्या मशीनकडे ओळख पटवायचं एक सर्टिफिकेट असतं आणि ते यंदाच बनवलेलं. दोन वर्षं मागे बसलेला लॅपटॉप ते कसं मानणार?

"सर," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपमध्ये आमचं रोमिंग अजून सुरूच झालेलं नाही."

"मग?" सर म्हणाले. "थांबावं लागेल का?"

*

नाकाबंदीचा अतिरेक झाला तो दिवस दसऱ्याच्या आसपासचा. एक काकू लगबगीने जिन्याकडे निघाल्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिशवी, कपाळाला आठ्या. सगळी लक्षणं तीच! मी झेप घेतली.

"मॅडम, वायफाय ना? या!"

"अगं, मला वर जायचंय. देवधरांकडे."

"वर कशाला? इथेच करून देते! दोन मिनिटं!"

त्यांना मी जवळजवळ ओढतच आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्या काहीतरी सांगत होत्या आणि मी "काळजी करू नका" म्हणत होते. "फोन द्या," मी म्हणाले. त्यांनी दिला. बटणांचा फोन! त्यात वायफाय नावाची गोष्टच नव्हती.

"कोणत्या कॉलेजच्या आपण?" मी विचारलं.

"कसलं कॉलेज? मी जोगेश्वरीहून आले. देवधरांची बहीण. त्याचा डबा राहिला घरी, तो द्यायला आलेय. आता सोडतेस का मला, बाई?"

दुपारी सर स्वतः खाली आले. दारात उभे राहून म्हणाले, "सायली, आज माझा डबा वायफायवर अडकला होता म्हणे?"

मी उभी राहिले. "सॉरी सर. मला वाटलं, पाहुण्या आहेत."

"हरकत नाही." ते जायला वळले आणि थांबले. "पण डबे तरी वर येऊ देत जा. हल्ली वर दुसरं कुणी येत नाही."

मला ते टोमणा वाटलं. मी परबला म्हणाले, "बघ, कसे बोलतात! पाहुणे येत नाहीत म्हणजे सिस्टिम चालते ना? खूश व्हायला पाहिजे यांनी!"

परब नेहमी काहीतरी उत्तर देतो. त्या दिवशी इतकंच म्हणाला, "कँटीनचो शेट्टी काल सांगी होतो. किटली वर जाता, तशीच भरलेली परत येता."

"मग कमी चहा मागवायचा!" मी म्हणाले.

परब दररोज चारच्या सुमाराला काही ना काही दुरुस्त करायला वर जायचा. सरांचा प्रिंटर, सरांचा पंखा, सरांच्या फोनची वायर. मला वाटायचं, काय ही जुनी बिल्डिंग, किती दुरुस्त्या!

*

आणि आता तो दिवस.

दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली होती. मुदतीतलं शेवटचं सेमिनार. राज्यभरातून माणसं आली होती आणि सकाळपासून एकही वर गेलं नव्हतं. मी आतल्या आत फटाके उडवत होते. जेवणानंतर हॉलमधला प्रोजेक्टर बिघडला, म्हणून परब तिकडे गेला. मग माइक गेला, म्हणून त्याने मला बोलावलं. सेंटरला कुलूप लावून मी धावत गेले. पाच मिनिटांचं काम होतं.

हॉलच्या खिडकीतून समोर पहिल्या मजल्याचा व्हरांडा दिसतो. माइक हातात धरून मी "हॅलो, चेक, चेक" म्हणत होते आणि मला दिसलं, की एक तरुण व्हरांड्यातून चाललाय. हातात फोन. आठ्या. आणि तो सरांच्या केबिनच्या दाराशी थांबला, टकटक केलं आणि आत गेला.

"वाट लागली!" मी म्हणाले. माइक चालू होता. अख्ख्या हॉलने ऐकलं.

मी धावले. जिना कसा चढले, आठवत नाही. डोक्यात एकच. गेलं! इतके महिने सांभाळलं आणि सुट्टीच्या तोंडावर गेलं. उद्यापासून परत कुपनं, परत खुर्ची, परत अर्धा तास. वरच्या पायरीवर कँटीनचा माणूस किटली घेऊन माझ्या पुढे चालला होता. तो आत गेला आणि केबिनचं दार किलकिलं राहिलं. मी बाहेरच थबकले.

"बसा, बसा. नाव काय म्हणालात?" आतून सरांचा आवाज.

"वाघमारे, सर. परभणीहून आलोय. संध्याकाळी माझ्या गाइडना चॅप्टर पाठवायचाय, आणि हे वायफाय काही..."

"परभणी! गाव तेच?"

"नाही सर, गाव आत आहे, पाथरीच्या बाजूला. वडील शिक्षक होते तिथे."

"वा. चहा घ्या आधी." कपबशीचा आवाज. "हं, दाखवा. नावापुढे कॉलेज घातलंत का? नुसतं नाव चालत नाही बरं. तुम्ही स्टेशनवर उभं राहून सांगा, मी अण्णा, कोण ओळखेल?"

मी दाराच्या फटीतून बघितलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि त्या तरुणाच्या फोनवर वाकले होते.

"घातलंय सर."

"तारीख बरोबर आहे ना फोनमधली? दोन वर्षं मागे नाही ना?"

"नाही सर." वाघमारे गोंधळलेला.

"तुमच्या कॉलेजचा शिपाई मेन स्विच पाडून गेला नसेल ना? काही ठिकाणी जातात."

"नाही सर. आमचे दुसरे सर आलेत, त्यांचं चालू आहे."

"मग पासवर्ड. पासवर्ड नीट... नाही, नाही! मला सांगू नका!" सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "कुणालाच सांगायचा नसतो. इतक्यात बदललात का?"

"हो सर, मागच्या आठवड्यात. कॉलेजने बदलायला लावला."

"मग फोनला कुठे माहीत आहे? तो बिचारा जुनाच सांगत बसलाय. त्याला आधी ते नेटवर्क विसरायला लावा. हं, तेच. फर्गेट. आता नव्याने टाका. मी तिकडे बघतो." आणि सरांनी खरंच खिडकीकडे तोंड केलं.

थोडा वेळ गेला. "झालं सर!" वाघमारे ओरडला.

"झालं?" सर वळले. "झालं! अरे वा!"

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

तेवढ्यात त्यांना मी दिसले. मला धाप लागलेली. माझ्या मागे परब येऊन उभा राहिला होता, तोही धापा टाकत. मी कशीबशी म्हणाले, "सर, ही तक्रार..."

"कसली तक्रार?" सर म्हणाले. "हे चहा प्यायला आलेत." मग कपात चहा ओतत, माझ्याकडे न बघता, "वाघमारे, वडील कुठला विषय शिकवायचे?"

मी खाली आले. परबला जिन्यातच गाठलं. "अण्णांचं, मेन स्विचचं, सगळं कसं काय माहीत रे त्यांना?"

"माका काय ठाऊक," परब म्हणाला आणि प्रोजेक्टर बघायला निघून गेला.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो, तर रोमिंग चालू. कुपनांविषयी कुणी काही बोललं नाही. फक्त लॉबीतल्या बोर्डावरची शेवटची ओळ खोडलेली होती आणि तिच्याखाली देवधर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'अडचण असल्यास रजिस्ट्रार, पहिला मजला.'

मी भडकले. "परब, हे काय? आपलं काम हे आहे! आपण एका मिनिटात करतो, सर अर्धा तास लावतील!"

"लावूंदे," परब म्हणाला.

परवा सकाळचीच गोष्ट. सरांचा फोन आला. "सायली, नेट व्यवस्थित चालू आहे ना?"

"एकदम झकास, सर! सकाळपासून पाहुणे आलेत, एकालाही प्रॉब्लेम नाही."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"एकालाही नाही?"

"नाही सर."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लॉबीत आले. बाकावर एक वयस्कर प्राध्यापक फोन डोळ्यांजवळ नेऊन बसले होते. मी मागून डोकावले. नुसतं नाव टाकलं होतं. बाकी काही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात पुढे गेलाच होता.

"मॅडम, होत नाहीये हो," ते म्हणाले. "मोठा प्रॉब्लेम आहे का?"

मी हात मागे घेतला.

"खूपच मोठा आहे, सर," मी म्हणाले. "पहिला मजला. जिना चढून डावीकडची केबिन."